टिंब

सहाची होडी चुकली तर रक्त नासतं,
म्हणून पाचलाच मी गांबिया नदीच्या धक्क्यावर.
मोटारसायकलला बांधलेली थंड पेटी,
पेटीत चोवीस नळ्या, नळ्यांवर नंबर.
नावं माझ्या वहीत.

माझं काम एवढंच: सुई, नळी, नंबर, सही.
बहुतेकदा अंगठा.

काल सान्नेकुंडात, वोंतोच्या अंगणात
तिच्या दोन मुली एका चटईवर बसल्या होत्या.
थोरली कुम्बा, धाकटी सिरे.
आई एक, बाप एक, परातसुद्धा एक,
इथे सगळे एकाच परातीत हात घालून जेवतात.
तरी कुम्बाला वर्षातून चारदा ताप
आणि सिरे माझ्या मोटारसायकलमागे
वेशीपर्यंत धावत येणारी.

वहीची पानं उलटली. कुम्बा: जून. सिरे: डिसेंबर.
नऊ महिने मागे मोजत जा.

कुम्बा पोटात आली तो सप्टेंबर.
कणगीत भुईमुगाची टरफलं, भात अजून हिरवा,
वोंतो दिवसभर चिखलात वाकलेली,
रात्री बाजरीची पेज, तीही आधी सासऱ्याला.
(अंबाडीचा पाला मात्र कुंपणाला हवा तेवढा.
नुसती भूक म्हणून हात झटकता येत नाहीत.)
सिरेच्या वेळी मार्च:
भुईमूग विकलेला, छपरावर मासे वाळत,
वोंतोला दुपारी झोपायला सवड.

लहानपणी मी लाकडी पाटीवर अरबी गिरवायचो.
आधी एक उथळ वाटी काढायची.
खाली एक टिंब, की एक अक्षर.
वर दोन, की दुसरं.
वर तीन, तिसरं.
वाटी तीच.
प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं, तेव्हा मी म्हणालो,
कळलं: वाटी आईबापाची, टिंब त्या महिन्याचं.
त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या,
इतकं सरळ नाही, सार्जो.
काही वाट्या टिंब धरून ठेवतात,
काहींवर शाई ठरतच नाही,
आणि हा स्वभावही आईबापाकडूनच येतो.

पाट्याही तशाच असायच्या.
आंब्याच्या लाकडाची पाटी शाई पिऊन टाकायची.
माझी आंब्याची होती.
धडा झाला की उस्ताद धुवायला लावत,
आणि ते काळं पाणी आया
आजारी पोरांना चमच्याने पाजत.
अंगातली टिंबं कुठल्या पाण्याने धुवायची,
मी बाईंना विचारलं होतं.
काही फिकी होतात, म्हणाल्या. कुठली, ते शोधतोय.

सुई काढली, कापूस दाबला,
तेव्हा वोंतो हळूच म्हणाली,
"मी काय खाल्लं नाही, तेवढं सांग."
फॉर्मवर या प्रश्नाला चौकोन नाही.
मी म्हणालो, तू काही केलं नाहीस.
ती म्हणाली, "तेच तर विचारतेय."

याच वहीत, आधीच्या माणसाच्या तिरप्या अक्षरात
मीही आहे.
जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्म, वजन दोन किलो तीनशे.
सत्तेचाळीस वर्षं मोटारसायकल चालवण्याइतकी
ही पाटी टिकली.
माझा भाऊ बाबुकार, फेब्रुवारीचा, नाही टिकला.
वहीत सगळं आहे. उत्तर नाही.

कुम्बाने तिची नळी मागितली.
द्यायची नसते. दिली.
तिने मुठीत धरली, डोळे मोठे केले,
"हे तर गरम आहे!"
सिरे म्हणाली, माझी बघू, माझी बघू.

होडीचं इंजिन मध्यावर बंद पडलंय.
नावाडी दोरी ओढतोय, शिव्या देतोय.
झाकण उघडून बर्फ पाहिला: अजून तासभर पुरेल.
चोवीस नळ्या, सगळ्या सारख्याच थंड,
कुठली कुम्बाची ते नंबर पाहिल्याशिवाय
मलाही सांगता येणार नाही.